व्हीएफडी ते मोटर: कुठली केबल, आणि शील्डचं टोक कुठे बांधायचं?

साडेतीन_कोर

नव्या व्हीएफडीच्या, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या, केबलबद्दल सल्ला हवा आहे. आकडे सगळे आधीच देतो, म्हणजे "अजून माहिती द्या" हा पहिला प्रतिसाद वाचेल.

मोटर ३७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ४ पोल, पाटीवर ६७ अँपिअर. पंपाला थेट कपल्ड. पॅनलपासून मोटरपर्यंत केबलची लांबी ८० मीटर. स्विचिंग फ्रिक्वेन्सी ४ किलोहर्ट्झ ठेवायचा विचार आहे. ट्रेवर सॉफ्ट स्टार्टरच्या काळातली साडेतीन कोरची ५० स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियम आर्मर्ड पीव्हीसी केबल आहे, चांगल्या अवस्थेत. त्याच ट्रेवरून प्रेशर ट्रान्समीटरच्या ४-२० मिलिअँपिअर सिग्नलची जोडी जाते.

१. हीच केबल ड्राइव्हला चालेल का?
२. शील्डवाली (कोरभोवती धातूचं वेष्टन असलेली) घ्यायची तर शील्ड एका टोकाला अर्थ करायची की दोन्ही?
३. ड्राइव्हसाठी अर्थिंगचा स्वतंत्र खड्डा हवा का?
४. ८० मीटरला आउटपुट चोक (ड्राइव्हनंतर लावायची इंडक्टर कॉइल) लागेल का?

पल्समास्तर

करंटच्या हिशेबाने जुनी केबल पुरून उरेल. अडचण करंटची नाहीच.

मोटर ५० हर्ट्झवर फिरत असली तरी केबलमधून ५० हर्ट्झची गुळगुळीत साइन वेव्ह जात नाही. जातात ते डीसी बसच्या उंचीचे चौकोनी पल्स. ४१५ गुणिले १.४१ म्हणजे सुमारे ५८५ व्होल्ट, आणि आयजीबीटी (ड्राइव्हमधला वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) हा चढ साधारण ०.१ ते ०.२ मायक्रोसेकंदात चढतो. केबलमध्ये पल्सचा वेग प्रकाशाच्या निम्म्याच्या आसपास, म्हणजे मायक्रोसेकंदाला १५० मीटर. पल्सची कड पूर्ण चढायच्या आत ती मोटरला आपटून परत येऊ लागली, की परावर्तन पूर्ण धरायचं. ०.१ मायक्रोसेकंदाच्या चढाला ही मर्यादा १५० × ०.१ ÷ २ म्हणजे ७.५ मीटर. ०.२ ला १५ मीटर. तुमचे ८० मीटर तिच्या कितीतरी पलीकडे आहेत.

मोटरचा इम्पिडन्स या चढत्या कडेला केबलपेक्षा खूप मोठा दिसतो, त्यामुळे लाट जवळजवळ दुप्पट होऊन परतते. मोटरच्या टर्मिनलवर ११५० ते ११७० व्होल्टचं शिखर गृहीत धरा. दोन पल्स फार जवळ आले आणि आधीची थरथर विरायच्या आत पुढची कड पोहोचली, तर दुपटीच्याही वर जातं.

यातून केबलच्या इन्सुलेशनबद्दल दोन गोष्टी निघतात. ४५०/७५० व्होल्ट वर्गाची वायर इथे वापरू नका. ७५० चं शिखर १०६० होतं, तुमचं त्याच्या वर जातंय. ०.६/१ किलोव्होल्टची केबल घ्या. आणि पीव्हीसीऐवजी एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिथिन). एक्सएलपीईचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक २.३ च्या आसपास असतो, पीव्हीसीचा त्याच्या सुमारे दुप्पट किंवा जास्त. स्थिरांक कमी तेवढी कपॅसिटन्स कमी, आणि प्रत्येक पल्सला केबल चार्ज करण्यात वाया जाणारा करंटही कमी.

मोटरचं वाइंडिंग हे सोसेल का, हा वेगळा प्रश्न. पाटीवर किंवा कागदपत्रात इन्व्हर्टर ड्यूटीचा (ड्राइव्हवर चालायला बनवलेली असल्याचा) उल्लेख आहे का बघा. नेमा एमजी १ या अमेरिकी मोटर मानकाच्या भाग ३१ मध्ये रेटेड व्होल्टेजच्या ३.१ पट शिखर आणि ०.१ मायक्रोसेकंद चढ धरलेला आहे. हा ३.१ आकाशातून पडलेला नाही: १.१ × २ × १.४१. म्हणजे १० टक्के जास्त व्होल्टेज, त्याचं शिखर आणि त्याची दुप्पट. ४१५ ला १२८७ व्होल्ट येतात.

आर्मर_आहे_ना

आर्मर म्हणजे शील्डच की. दोन्ही बाजूंना डबल कॉम्प्रेशन ग्लँड (केबल पेटीत शिरते तिथे तिला धरणारा भाग) लावा, काम झालं. साडेतीनातली अर्धी कोर अर्थ म्हणून वापरा. नवीन केबल कशाला?

परतीची_वाट

आर्मर म्हणजे शील्ड, हे अर्धसत्य आहे. काहीच नसण्यापेक्षा बरं, एवढंच. पोलादी तारा किंवा पट्ट्या पीळ देऊन गुंडाळलेल्या असतात, त्यामुळे करंटला सरळ वाट मिळत नाही, पीळ घेत जावं लागतं. त्यात पोलाद चुंबकीय. मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात अशा वाटेचा इम्पिडन्स भारी होतो. तारांमधल्या फटी आणि जस्तावर चढलेला गंज हे त्यावर आणखी.

अर्धी कोर अर्थ म्हणून वापरणं त्याहून वाईट. साडेतीन कोरच्या केबलमध्ये अर्धी कोर तिन्ही फेजपासून सारख्या अंतरावर नसते. एका फेजला खेटून, दुसऱ्यापासून लांब. तिन्ही फेजचं चुंबकीय क्षेत्र तिच्यात एकमेकांना पूर्ण खोडत नाही, उरलेलं व्होल्टेज तिच्यात इंड्यूस होतं आणि ते मोटरची बॉडी आणि पॅनल यांच्यामध्ये बसतं. मग करंट शाफ्ट, कपलिंग, पंपाची बॉडी अशी वाट काढतो, आणि बेअरिंग वाटेतच असतात.

म्हणून ड्राइव्हसाठीच्या केबलमध्ये तीन फेज आणि तीन अर्थ अशी समतोल रचना असते. दर दोन फेजच्या खाचेत एक अर्थ. वर तांब्याची जाळी, किंवा जाळी आणि फॉइल, किंवा वेढलेली तांब्याची पट्टी. जाळी असेल तर आच्छादन ८५ टक्क्यांच्या आसपास बघा. शील्डची वाहकता फेज कोरच्या किमान एक दशांश हवी, तरच रेडिओ फ्रिक्वेन्सीचा उपद्रव दबतो.

चार कोर, म्हणजे तीन फेज आणि एक पूर्ण अर्थ, ही रचना १० स्क्वेअर एमएमपर्यंतच्या लहान मोटरना चालून जाते. तुमच्या ३७ किलोवॅटला नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, खरा मुद्दा तिथे आहे. ड्राइव्हच्या तीन आउटपुटची बेरीज कुठल्याही क्षणी शून्य नसते. प्रत्येक आयजीबीटी उघडला-मिटला की तिघांची सरासरी, म्हणजे कॉमन मोड व्होल्टेज, डीसी बसच्या एक तृतीयांशाने, म्हणजे १९५ व्होल्टने उडी मारते. ४ किलोहर्ट्झला दर सायकलमध्ये सहा उड्या, सेकंदाला २४,०००. दर उडीला वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामधल्या कपॅसिटन्समधून करंटची एक सुई बॉडीत उतरते. ती कुठे जाणार? जमिनीत नाही. ड्राइव्हमधून निघाली, ड्राइव्हमध्येच परतणार. सगळी केबलची निवड आणि सगळं अर्थिंग या एका गोष्टीसाठी: त्या करंटला फेज कोरला बिलगून परतायची वाट द्या. शील्ड दोन्ही टोकांना बांधली की ती वाट तयार होते. एकाच टोकाला बांधली की पूल अर्ध्यावर सोडल्यासारखं, करंट दुसरीकडून फिरून येतो.

लूपभीती

पण दोन्ही टोकांना अर्थ केलं की ग्राउंड लूप होतो, हे सगळीकडे शिकवतात. शील्डमध्ये ५० हर्ट्झचा करंट फिरेल, शील्ड तापेल.

परतीची_वाट

तो नियम सिग्नल केबलचा आहे, आणि तिथे तो बरोबरही आहे. ४-२० किंवा ०-१० व्होल्टच्या केबलची शील्ड एका टोकाला, शक्यतो पॅनलच्या बाजूला. तिथे शत्रू ५० हर्ट्झचा आहे आणि शील्डमधून वाहणारा करंट थेट सिग्नलमध्ये मिसळतो. मोटरच्या केबलची शील्ड बाहेरचा गोंगाट आत येऊ नये म्हणून नसते, आतला बाहेर जाऊ नये म्हणून असते. तिच्यातून करंट वाहायलाच हवा, तेच तिचं काम.

लूपमध्ये पॉवर फ्रिक्वेन्सीचा करंट खरंच जास्त दिसला, तर पॅनल आणि मोटर यांच्यातला इक्विपोटेन्शियल बाँड सुधारायचा. शील्ड कापायची नाही.

मेगरवाला

खड्ड्याबद्दल लिहितो, कारण "इलेक्ट्रॉनिक अर्थ"चा वेगळा खड्डा खणून ड्राइव्ह बिघडवायची पद्धत अजून गेलेली नाही.

सरळ वायरची इंडक्टन्स मीटरला साधारण १ मायक्रोहेन्री धरा. पॅनलपासून खड्ड्यापर्यंत १० मीटर वायर गेली तर १० मायक्रोहेन्री. १ मेगाहर्ट्झला तिचा इम्पिडन्स ६३ ओम. आता खड्ड्याचं माप १ ओम आलं काय किंवा ५ ओम आलं काय, या करंटला काय फरक पडतो? खड्डा माणसाच्या सुरक्षेसाठी, वीज पडण्यासाठी आणि फॉल्ट करंटसाठी. ड्राइव्हच्या गोंगाटाचा आणि त्याचा संबंध नाममात्र.

वेगळा खड्डा घेऊन तो मुख्य अर्थशी जोडला नाही तर धोका वाढतो. फॉल्टच्या वेळी दोन बॉडींमध्ये मोठं व्होल्टेज उभं राहतं आणि फॉल्ट करंट मातीतून फिरतो, ब्रेकर वेळेवर पडेलच असं नाही. सगळं एकाच अर्थ जाळ्याला बांधा.

वायरिंगचा क्रम असा ठेवा. मोटरचा अर्थ केबलमधूनच येऊन थेट त्याच ड्राइव्हच्या पीई (संरक्षक अर्थ) टर्मिनलला. ड्राइव्हचा पीई पॅनलच्या बसबारला. दोन-चार ड्राइव्ह असतील तर प्रत्येकाचा वेगळा. एकाच्या पीईवरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला अशी माळ करायची नाही.

अजून एक, सुरक्षेचं. ड्राइव्हचा पीईमधला सततचा गळती करंट ३.५ मिलिअँपिअरच्या वर असतो. आयईसी ६१८००-५-१ या ड्राइव्हच्या सुरक्षा मानकाप्रमाणे अशा वेळी पीई किमान १० स्क्वेअर एमएम तांब्याचा किंवा १६ स्क्वेअर एमएम ॲल्युमिनियमचा हवा, किंवा पहिल्या पीईएवढ्याच जाडीचा दुसरा पीई समांतर हवा. लहान ड्राइव्हला २.५ ची एकच अर्थ वायर लावून मोकळं होतात ते यात बसत नाही.

ग्लँड_आणि_लग

केबल हजारांची आणि टोक बांधलंय पिगटेलने, हे दृश्य फार दिसतं. शील्डची जाळी मुरडून शेपटी करायची, तिला लग क्रिंप करायचा आणि बोल्टला लावायचा. १५ सेंटिमीटरच्या शेपटीची इंडक्टन्स ०.१५ मायक्रोहेन्री, १० मेगाहर्ट्झला ९.४ ओम. शील्ड स्वतः काही मिलिओमची आणि दारात ९ ओमचा अडसर.

बांधायची पद्धत:

बाहेरचं आवरण गोल कापा. ब्लेड जाळीला लागू देऊ नका. ग्लँडच्या आतली स्प्रिंग किंवा कोन जिथे बसतो तिथे जाळीचे १५ ते २० मिमी उघडे ठेवा आणि बाकी जाळी आत तशीच पुढे जाऊ द्या. ईएमसी (विद्युत-गोंगाट रोखणारा) ग्लँड घ्या, पितळी, ज्याची स्प्रिंग शील्डला चहूबाजूंनी धरते. साधा पितळी ग्लँड आवरण धरतो, शील्डला शिवतही नाही.

ग्लँड प्लेटला पावडर कोटिंग असतं. भोकाभोवती लॉकनटच्या रुंदीएवढा रंग खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, कसल्यावर उघड्या जागेवर काँटॅक्ट ग्रीस लावा नाहीतर वर्षभरात गंज. ग्लँड प्लेट आणि पॅनलची बॉडी यांच्यामध्ये रबरी गॅस्केट असेल तर आणखी एक रुंद जाळीची पट्टी त्या दोघांमध्ये टाका. ड्राइव्ह ज्या माउंटिंग प्लेटवर बसतो ती रंगवलेली नको, झिंक प्लेटेड हवी.

पॅनलमध्ये ग्लँडपासून ड्राइव्ह लांब असेल तर शील्ड ग्लँडला धरून थांबवू नका. आवरण मध्ये ग्लँडपाशी फक्त खिडकीएवढं सोला आणि केबल शील्डसकट ड्राइव्हपर्यंत न्या, तिथे शील्ड क्लॅम्पने पुन्हा धरा. शील्डबाहेर फेज कोर जितक्या आखूड तितक्या बऱ्या.

मोटरच्या टर्मिनल बॉक्सला हेच. तिथे सगळ्यांना हटकून नडतं ते टर्मिनल बॉक्स आणि मोटरची बॉडी यांच्यामधलं गॅस्केट. ग्लँड उत्तम बसतो, बॉक्सला धरतो, आणि बॉक्स चार बोल्टच्या रंगलेल्या आट्यांवर बॉडीला टेकलेला. बॉक्सच्या आतल्या अर्थ स्टडपासून बॉडीपर्यंत जोड आहे का ते मीटरने बघा.

पिगटेल टाळताच येत नसेल, तर तिची चपटी रुंदी लांबीच्या किमान एक पंचमांश ठेवा. १० सेंटिमीटर लांब असेल तर २ सेंटिमीटर रुंद.

आर्मर_आहे_ना

बरं, आर्मरवरचा हट्ट मागे घेतो. पण सिंगल कोर तीन वायर पाइपातून नेल्या तर? जाड कोर वळवायला सोप्या पडतात.

ग्लँड_आणि_लग

ड्राइव्हच्या आउटपुटला नकोच. पसरलेल्या कोर म्हणजे ॲन्टेना, आणि तिन्हींची इंडक्टन्स वेगवेगळी. शिवाय तीन कोर लोखंडी प्लेटच्या तीन वेगळ्या भोकांतून नेल्या तर प्लेट एडी करंटने तापते. जाड लोखंडी पाइप सलग असेल, प्रत्येक जोडावर धातू धातूला भिडलेला असेल आणि दोन्ही टोकांना नीट बाँड केलेला असेल, तर तो शील्डचं काम करतो. त्यात कोर एकत्र त्रिकोणात बांधून आणि अर्थ वायर सोबत. प्रत्यक्षात पाइपाच्या जोडांवर रंग आणि गंजच असतो.

खडखड

थोडं अवांतर: बेअरिंगचं काय? शील्ड नीट बांधली की बेअरिंगमधला करंट बंद, असं समजायचं का? की इन्सुलेटेड बेअरिंग घ्यायलाच हवं?

पल्समास्तर

अवांतर नाही. पण तीन वेगळे करंट एका नावाखाली खपवले जातात, ते आधी सोडवू.

पहिला, फिरणारा करंट. मोठ्या मोटरमध्ये स्टेटरभोवतीच्या हाय फ्रिक्वेन्सी क्षेत्रामुळे शाफ्टच्या दोन टोकांत व्होल्टेज येतं आणि करंट शाफ्ट, एक बेअरिंग, बॉडी, दुसरं बेअरिंग असा फेरा घेतो. फेरा तोडायला एक बेअरिंग इन्सुलेट केलं की पुरे, म्हणून नॉन-ड्राइव्ह बाजूचं करतात. साधारण १०० किलोवॅट किंवा फ्रेम ३१५ पासून याची चिंता.

दुसरा, रोटरमधून जमिनीकडे जाणारा. मोटरची बॉडी कमकुवत बांधलेली आणि पंप किंवा गिअरबॉक्स मात्र पाइपलाइनमधून उत्तम अर्थ झालेला. मग करंट बॉडीतून बेअरिंग, शाफ्ट, कपलिंग, पंप असा पळतो आणि पंपाचंही बेअरिंग खातो. यावर समतोल शील्डेड केबल हाच रामबाण. सोबत मोटर आणि पंपाचा बेस रुंद आखूड पट्टीने जोडा. हवं तर इन्सुलेटेड कपलिंग.

तिसरा, डिस्चार्जचा. रोटर आणि बॉडी यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर कपॅसिटरसारखा चार्ज होतो आणि एका क्षणी फुटतो. प्रत्येक फुटण्यात रेसवर सुईच्या टोकाएवढा खड्डा, आणि असे असंख्य झाले की पन्हाळीच्या पत्र्यासारख्या आडव्या रेघा. हा लहान मोटरमध्येही होतो, आणि केबल कितीही चांगली असली तरी केबलने थांबत नाही. कॉमन मोड व्होल्टेज आहे तोवर शाफ्टवर त्याचा हिस्सा येणारच. नॉन-ड्राइव्ह बाजूचं एकच बेअरिंग इन्सुलेट केलं तर डिस्चार्ज दुसऱ्यातून होत राहतो. यावर शाफ्ट ग्राउंडिंग रिंग किंवा ब्रश, नाहीतर दोन्हीकडे सिरॅमिक गोळ्यांची हायब्रिड बेअरिंग.

३७ किलोवॅटला पहिला सोडून द्या. दुसऱ्यासाठी केबल, तिसऱ्यासाठी ड्राइव्ह बाजूला रिंग.

एन्कोडर (शाफ्टचा वेग मोजणारा सेन्सर) असेल तर एक खबरदारी. मोटरची बेअरिंग इन्सुलेट केली आणि एन्कोडर मात्र शाफ्टला धातूने जोडला, तर करंट एन्कोडरच्या चिमुकल्या बेअरिंगमधून जातो. एन्कोडरचं कपलिंगही इन्सुलेटेड हवं.

साडेतीन_कोर

पटलं. केबल बदलतो. आता चौथा प्रश्न: चोक की डीव्ही/डीटी फिल्टर? स्विचिंग फ्रिक्वेन्सी ४ वरून २ केली तर शिखर कमी होणार नाही का?

मेगरवाला

नाही. हा गैरसमज मुळासकट काढा. फ्रिक्वेन्सी निम्मी केली की सेकंदाला पल्स निम्मे होतात. एका पल्सची उंची आणि कडेचा चढ तोच राहतो. गळती करंटची सरासरी उतरते, डिस्चार्जची संख्या उतरते, ड्राइव्ह थंड राहतो, मोटर मात्र कर्कश गाते. शिखर जागच्या जागी.

शिखरावर उपाय तीन. आउटपुट चोक चढ थोडा मंदावतो आणि चार्जिंग करंटला लगाम घालतो. डीव्ही/डीटी फिल्टर चढ बराच मंदावतो. साइन फिल्टर पल्स गाळून मोटरला जवळजवळ साइन वेव्ह देतो. शेकडो मीटर केबल, बोअरमधले पंप, जुनं वाइंडिंग यांच्यासाठी तोच. मात्र साइन फिल्टरला ठरावीक किमान स्विचिंग फ्रिक्वेन्सी लागते, ती त्याच्या पाटीवर असते. त्याखाली गेलात तर फिल्टर रेझोनन्सला येऊन तापतो. ड्राइव्हच्या पॅरामीटरमध्ये साइन फिल्टर आहे असं सांगावंही लागतं. आणि साधा साइन फिल्टर फेज-फेजमधला गोंगाट काढतो, कॉमन मोड काढत नाही. बेअरिंगसाठी तो लावून फसगत होते.

८० मीटरला, मोटर इन्व्हर्टर ड्यूटीची असेल तर, आधी ड्राइव्हच्या मॅन्युअलमधली कमाल केबल लांबी बघा. तिथे दोन आकडे असतात: ड्राइव्ह चालेल ती लांबी आणि आयईसी ६१८००-३ च्या सी२ किंवा सी३ या गोंगाटाच्या मर्यादांच्या वर्गात बसेल ती लांबी. दुसरा आकडा बराच लहान असतो. मोटर जुनी, साध्या वाइंडिंगची असेल तर डीव्ही/डीटी फिल्टर घाला, आणि तो ड्राइव्हला खेटून. मोटरपाशी लावायचा तो वेगळा प्रकार, टर्मिनेटर म्हणतात.

छोटा_ड्राइव्ह

याच धाग्यात विचारतो. ०.७५ किलोवॅटचा ड्राइव्ह, १२० मीटर शील्डेड केबल. सुरू करताच ओव्हरकरंट ट्रिप. मोटर मेगर केली (इन्सुलेशन मोजलं), छान आहे. मोटर बदलून पाहिली, तेच.

पल्समास्तर

मोटरच्या टोकाला तिन्ही कोर सोडवा, टोकं झाका, स्केलर (साध्या व्होल्ट-हर्ट्झ) मोडमध्ये नुसती केबल ड्राइव्हवर चालवा. तरी ट्रिप झाला तर केबलचाच चार्जिंग करंट आहे.

हिशेब सोपा आहे. बारीक शील्डेड केबलचा सर्ज इम्पिडन्स (धावत्या पल्सला दिसणारा) ८० ओमच्या आसपास धरला तर प्रत्येक कडेला ५८५ ÷ ८० म्हणजे ७ अँपिअरहून जास्त करंट केबल ओढते, आणि लाट जाऊन परत येईपर्यंत, म्हणजे १.६ मायक्रोसेकंद, ओढत राहते. ड्राइव्हचा रेटेड करंटच २ अँपिअरच्या घरात. ३७ किलोवॅटच्या ड्राइव्हला हे ७ अँपिअर खिजगणतीत नाहीत, तुमच्या ड्राइव्हला तो डोंगर.

उपाय: ड्राइव्हच्या तोंडाशी चोक, स्विचिंग फ्रिक्वेन्सी सगळ्यात खाली, पीव्हीसी असेल तर एक्सएलपीई, नाहीतर ड्राइव्ह एक-दोन माप मोठा. एका ड्राइव्हवर अनेक मोटरी असतील तर सगळ्या केबलींची लांबी बेरीज करून धरायची. १० मोटरी, प्रत्येकी २० मीटर, म्हणजे २०० मीटर.

तीस_मिलि

ड्राइव्हच्या सप्लायला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळती करंट दिसताच सप्लाय तोडणारा स्विच) ठेवला तर?

मेगरवाला

सकाळ-संध्याकाळ पडेल. आरसीडी लागतच असेल तर टाइप बी, ३०० मिलिअँपिअर. तीन फेज रेक्टिफायरच्या मागे फॉल्ट झाला तर गुळगुळीत डीसी वाहतो, टाइप ए त्याला आंधळा असतो.

ग्लँड_आणि_लग

धागाकर्त्याच्या ट्रेबद्दल कुणी बोललंच नाही. मोटर केबल आणि ४-२० ची जोडी एका ट्रेवर नको. मोटर केबल ते सिग्नल ५०० मिमी, मोटर केबल ते इनपुट पॉवर केबल ३०० मिमी, इनपुट पॉवर ते सिग्नल २०० मिमी. ओलांडावंच लागलं तर काटकोनात. ट्रे धातूचा असेल तर त्याचे तुकडे एकमेकांना आणि दोन्ही टोकांना पॅनलला बाँड करा. इनपुटची आणि आउटपुटची केबल एकत्र बांधली तर महागड्या ईएमसी फिल्टरला वळसा घालून गोंगाट मागच्या दाराने सप्लायमध्ये जातो.

मोटरजवळ आयसोलेटर असेल तर तो धातूच्या पेटीत, दोन्ही बाजूंना ईएमसी ग्लँड, म्हणजे शील्ड पेटीतून अखंड पुढे जाते. प्लास्टिकच्या पेटीत शील्ड तुटते. आयसोलेटरला आधी उघडणारा सहाय्यक काँटॅक्ट घ्या आणि तो ड्राइव्हच्या एनेबलला जोडा, म्हणजे मुख्य काँटॅक्ट उघडायच्या आत आउटपुट बंद. आणि पॉवर फॅक्टरचे कपॅसिटर मोटरला लावलेले असतील तर काढा. ड्राइव्हच्या आउटपुटला कपॅसिटर म्हणजे पहिल्याच पल्सला आयजीबीटीची परीक्षा.

साडेतीन_कोर

काम झाल्यावर शील्ड खरंच काम करतेय हे तपासायचं कसं? क्लॅम्प मीटर शील्डवर लावला तर ०.३ अँपिअर दाखवेल आणि संपलं.

परतीची_वाट

साधा क्लॅम्प मीटर काही शे हर्ट्झच्या वर आंधळा, त्यावर विसंबू नका. हाय फ्रिक्वेन्सी करंट प्रोब किंवा रोगोव्स्की कॉइल आणि स्कोप हवा.

दोन मापं घ्या. पहिलं, फक्त तीन फेज कोर एकत्र पकडून: हा ड्राइव्हमधून निघालेला एकूण कॉमन मोड करंट. दुसरं, अख्खी केबल, शील्ड आणि अर्थसकट पकडून: हा केबलबाहेरून परतणारा. दुसरं माप पहिल्याच्या तुलनेत अगदी लहान यायला हवं. दोन्ही जवळपास सारखी आली तर शील्ड कुठेतरी तुटलेली आहे, बहुधा टर्मिनल बॉक्समध्ये.

मोटरच्या टर्मिनलवरचं शिखर बघायचं तर डिफरन्शियल प्रोब, व्होल्टेज रेटिंग शिखराच्या वरचं, बँडविड्थ निदान काही दहा मेगाहर्ट्झ. आणि मेगर करताना यू, व्ही, डब्ल्यू ड्राइव्हवरून सोडवलेले असलेच पाहिजेत, मग कोर ते पीई मोजा आणि मोजून झाल्यावर केबल डिस्चार्ज करा. लांब शील्डेड केबल चांगलाच झटका देते.

आयटीवाला

सप्लाय न्यूट्रल अर्थ न केलेला (आयटी) किंवा डेल्टाचा एक कोपरा अर्थ केलेला असेल, तर ड्राइव्हमधल्या ईएमसी फिल्टरचा आणि व्हॅरिस्टरचा (सर्ज शोषणारा भाग) अर्थला जोडणारा स्क्रू काढायला विसरू नका. मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं.

साडेतीन_कोर

अंतिम यादी टाकतो, चुकलं असेल तर सांगा.

केबल ०.६/१ किलोव्होल्ट, एक्सएलपीई, तांबं, ३×२५ + ३×४, तांब्याची जाळी. ८० मीटरला २५ स्क्वेअर एमएमचा रेझिस्टन्स ०.०५८ ओम, ६७ अँपिअरला तीन फेजमध्ये ६.७ व्होल्ट ड्रॉप, गरम केबलला साडेआठच्या आसपास. ४१५ च्या दोन टक्के. दोन्ही टोकांना ईएमसी ग्लँड. ड्राइव्ह बाजूच्या शाफ्टला रिंग. ४-२० ची जोडी वेगळ्या ट्रेवर, शील्ड पॅनलच्या बाजूला. मोटर इन्व्हर्टर ड्यूटी आहे, मॅन्युअलची लांबी पुरते, त्यामुळे चोक सध्या नाही.

पल्समास्तर

ड्रॉप ५० हर्ट्झला दोन टक्के, पण ५ हर्ट्झला ड्राइव्ह ४१ व्होल्टच देतो आणि केबल पूर्ण करंटला तेच साडेआठ खाते, म्हणजे पाचवा हिस्सा. पंपाला खालच्या वेगात टॉर्क लागतच नाही, म्हणून तुम्ही सुटलात. कन्व्हेयर किंवा हॉइस्ट असता तर केबल एक माप वर. ऑटोट्यून (ड्राइव्हने मोटर स्वतः मोजून घेणं) मात्र हीच केबल जोडून करा, मोजलेल्या स्टेटर रेझिस्टन्समध्ये केबल आपोआप धरली जाते.

मेगरवाला

यादीत एक राहिलं. फेज २५ असेल तर तक्त्याप्रमाणे पीई १६ हवा: १६ पर्यंत फेजइतकाच, १६ ते ३५ ला १६, त्यावर निम्मा. तुमचे ३×४ मिळून १२ होतात. केबलवाल्याच्या कागदावर जाळीचं क्षेत्रफळ दिलेलं असेल आणि शील्डला पीई म्हणून मान्यता असेल तर ती बेरजेत धरा, नाहीतर ३×३५ + ३×६ घ्या, अठरा होतात. तेही नको असेल तर केबलला खेटून १६ ची हिरवी-पिवळी वायर मोटरच्या बॉडीवरच्या बाहेरच्या अर्थ बोल्टपर्यंत न्या. आतले तीन अर्थ मात्र तरीही जोडायचेच, ते मोकळे सोडून फक्त बाहेरची वायर वापरली तर समतोल केबल घेतल्याचा काही उपयोग नाही.

साडेतीन_कोर

३×३५ + ३×६ घेतो. ग्लँडचं माप त्याप्रमाणे बदलावं लागेल, शील्डवरचा व्यास मागवून मग ऑर्डर करतो.

ग्लँड_आणि_लग

शील्डवरचा आणि आवरणावरचा, दोन्ही व्यास मागवा. ईएमसी ग्लँड दोन्हींवर ठरतो.